फांद्यांच्या पलीकडची झेंडी

मार्च संपत आला की आमच्या तळ्यावरचा बर्फ वरून तसाच दिसतो, पण पायाखालचा त्याचा आवाज बदलतो. त्या दिवशी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली पाळी संपवून मी घरी आले, थर्मासमध्ये वाटाण्याचं सूप भरलं आणि बाबांना आणायला तशीच बाहेर पडले. रोजचंच काम होतं. सकाळी ते मासे धरायच्या सहा झेंड्या घसरगाडीवर लादून तळ्यावर जायचे आणि अंधार पडायच्या आत मी त्यांना ओढून आणायचे. कायद्याने माणशी तीनच झेंड्या लावता येतात, म्हणून तीन त्यांच्या आणि तीन माझ्या नावाच्या. माझ्या नावाने मासे कोण धरतंय, हे विचारायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

झेंडी म्हणजे बर्फातल्या भोकावर ठेवलेल्या दोन आडव्या पट्ट्या, खाली पाण्यात दोऱ्याचं रीळ आणि वर खाचेत वाकवून अडकवलेली पोलादी तार, टोकाला कापडाचा तुकडा असलेली. माशाने ओढलं की तार सुटते आणि झेंडी ताठ उभी राहते. उठलेली झेंडी आपोआप खाली बसत नाही. माणसाला जाऊनच ती वाकवावी लागते.

आमच्या घरी एकच शिस्त होती. झेंडी उठली की ज्याला दिसेल त्याने धावायचं. मागच्या वसंतात माझा धाकटा भाऊ वेंडेल असाच धावला. बोरूच्या बेटाजवळ तळ्यात झरा आहे, तिथला बर्फ आतून पोखरलेला असतो. पहार आपटून बघायला तो थांबला नाही. तो दुसऱ्या दिवशी सापडला, त्याची झेंडी मात्र सापडली नाही. माझ्या जुन्या एप्रनचा निळ्या चौकडीचा तुकडा मीच तिला शिवून दिला होता. नंतर बाबांनी त्या जागेभोवती देवदाराच्या फांद्या रोवल्या, म्हणजे दुसरं कुणी तिकडे जाऊ नये.

बाबा उलट्या बादलीवर बसले होते.

"लागलं का काही?" मी विचारलं.

"चार ब्लूगिल. पंजाएवढे. पुरे झाले, शेपट्या खायला आता कोण आहे घरात?"

तळलेल्या ब्लूगिल माशाची कुरकुरीत शेपटी वेंडेल चावून खायचा. मी आणि बाबा ती ताटलीच्या कडेला सारायचो आणि त्याला मांजर म्हणायचो.

"चला, आवरा आता."

"पाच मिनिटं, आर्डी."

"तुमची पाच मिनिटं माहीत आहेत मला. बर्फ वितळून जाईल, तुम्ही बादलीवर तरंगत राहाल."

ते हसले, पण उठले नाहीत. मग मीच एकेक झेंडी उपटली, दोरे गुंडाळले, सगळं गाडीवर बांधलं. वारा पडला होता. लांब कुठेतरी बर्फ कण्हल्यासारखा आवाज करत होता. मी गाडीची दोरी खांद्यावर घेतली आणि मागे तार सुटल्याचा आवाज आला. टण्ण.

बाबा उभे राहिले होते.

"आर्डी... झेंडी."

"सगळ्या गाडीवर आहेत, बाबा. मी स्वतः बांधल्यात."

"मग त्याची असेल," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले. आणि पहार न घेताच फांद्यांच्या दिशेने चालू लागले.

मी त्यांची कॉलर धरली. मला बाबांशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि आणखी एका शवपेटीमागे चालायची ताकद माझ्या पायांत नव्हती. "तुम्ही बसा. मी जाते."

"तशीच सोडू नकोस हं. उठलेली झेंडी तशी सोडतात का?"

पहार आपटत मी निघाले. आधी आवाज घट्ट होता, मग पोकळ होत गेला. फांद्यांशी थांबले. तिथे ओल्या लोकरीचा वास येत होता. पलीकडे बर्फ नव्हताच, नुसतं काळं पाणी होतं, आणि त्या पाण्यावर आडव्या पट्ट्या स्थिर होत्या. निळ्या चौकडीचं कापड वारा नसतानाही हलत होतं. मी बघत असताना तार हळूहळू वाकली, कुणीतरी बोटाने दाबावी तशी. खट्... खाचेत बसली.

मी मागे आले.

"वाकवून आले," मी म्हणाले.

बाबा समाधानाने सूप प्यायले.

त्याच आठवड्यात बर्फ गेला. वाटलं, सुटलो. पण संध्याकाळ झाली की बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीतून उघड्या पाण्याकडे बघून म्हणायचे, "उठली बघ. माझे बूट कुठेत?" मी म्हणायचे, "बसा, मी जाते." पालथ्या घातलेल्या होडीपाशी जरा वेळ पाण्याकडे पाठ करून उभी राहायचे, आणि परत येऊन सांगायचे, "वाकवून आले." तिकडे मी एकदाही पाहिलं नाही. दमलेल्या माणसाला कुतूहल परवडत नाही.

मग एका संध्याकाळी वृद्धाश्रमात बदली बाई आलीच नाही आणि मला दुसरी पाळी करावी लागली. घरी फोन लावला, नुसता वाजत राहिला. जीव मुठीत धरून गाडी हाकली. सगळ्या वाटेभर मला फक्त बाबांचे बूट दिसत होते.

बूट खिळ्याला टांगलेले होते. कोरडे. होडीही पालथीच होती. आत लोण्यात मासे तळल्याचा वास भरला होता आणि बाबा टेबलाशी बसले होते.

"आलीस? ये, गार व्हायच्या आत खाऊन घे."

"बाबा... मासे कुठून आले?"

"त्याने आणले. म्हणाला, तायडी फार दमते, रोज तिला खेप कशाला. झेंडी उठली की आता मीच येत जाईन."

टेबलावर तीन ताटल्या होत्या. बाबांच्या ताटलीत काटे होते आणि कडेला सारलेल्या शेपट्या. माझ्या ताटलीत दोन आख्खे ब्लूगिल वाढून ठेवले होते. तिसऱ्या ताटलीत नुसते काटे होते. शेपटी एकही नव्हती.

"गेला का तो?" मी विचारलं.

"इतक्यात कुठे?" बाबा म्हणाले. "हात धुतोय."

आत नळ वाहत होता. दार माझ्या मागे उघडंच होतं, पण बाबा टेबलाशी होते आणि मी सकाळपासून उभी होते. मी खुर्ची ओढली आणि बसले. आत नळ बंद झाला.