माती-वाघाच्या सालचं नाणं

ल्हुंद्रुपने पहिल्यांदा आणलेलं नाणं चक्क खोटं होतं. युड्रोनने ते परत केलं, तर स्वारी नाणं सोडून तिच्याकडेच बघत हसली! तेव्हापासून तो ल्हासातल्या बारखोरच्या गल्लीत, तिच्या घरच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात येतच राहिला. कधी झिजलेलं तांब्याचं नाणं घेऊन, कधी कागदात गुंडाळलेले गरम, तळलेले गोड खापसे. कशासाठी येतो, हे तिच्या पालांनाही, म्हणजे वडिलांनाही, कळून चुकलं होतं.

आज मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

"माती-वाघाच्या सालचं नाणं आहे?"

"वाघच का?"

"एकीचं जन्मसाल आहे… साठ वर्षांनी तेच नाव फिरून येतं ना. आठवण म्हणून हवंय."

युड्रोनने हातातलं भिंग खाली ठेवलं. एकीचं? तिचं स्वतःचं साल तर अग्नी-बैल! मग ते खापसे, ते हसणं… ते सगळं काय होतं? तिला रडू येत होतं आणि रागही. आधी काय करावं तेच सुचेना.

तिने डबा उपसला, एका नाण्याच्या काठावरची अक्षरं वाचली. "सोळावं चक्र, बारावं वर्ष. घ्या तुमचा वाघ! लग्न कधी?"

"कसलं लग्न! माझं साल माकडाचं, तिचं वाघाचं. ज्योतिषी म्हणाले, जमायचं नाही. आईने तर हायच खाल्ली. उद्या शिगात्सेला निघालोय… मामाकडे, कायमचा."

"कोण ती?" नको नको म्हणताना तोंडून निघून गेलंच.

तो मान खाली घालून पुटपुटला, "मुलीला साल विचारणं म्हणजे मागणीच घालणं… म्हणून तुमच्या मैत्रिणीला विचारलं. जानेवारीत तुमचा केक कापला म्हणाली. अठ्ठ्याण्णवचा जन्म, म्हणजे माती-वाघच ना?"

युड्रोन बघतच राहिली. मग जी हसत सुटली…

"अहो शहाणे! गिऱ्हाइकं नाण्यांत करतात तीच चूक! आपलं साल जानेवारीत बदलतं का? लोसार, आपलं नवं वर्ष, उजाडायच्या आधीच जन्मले मी. बैल आहे मी, बैल!"

"बैल?" तो पुरता गोंधळला. "मग… माकडाला बैल चालतो?"

"चालतो, चालतो!" आतून पालांचा आवाज आला. "आता दुकानात गर्दी करू नका!"

युड्रोन लाजून लाल झाली. तिने त्याच्या तळहातावरचा वाघ उचलला, तिथे अग्नी-बैलाच्या सालचं नाणं ठेवलं आणि त्याची बोटं मिटली.

"मामा वाट बघतील ना?"

"बघू देत," तो म्हणाला. तिने त्याचा हात सोडलाच नव्हता.