तीन नंबरच्या कोठडीची जाळी

हसा, हसा. ओवेन, तू तर सगळ्यात मोठ्याने हसतोयस, आणि घरी जायची वाट कबरस्तानाकडून तुझीच आहे!

विल्फ हार्डकॅसल माझा चाळीस वर्षांचा दोस्त. पेशाने गवंडी. बायको एनिड जाऊन तीन वर्षं झाली होती आणि घरात बोलायला फक्त भिंती उरल्या होत्या. त्याचा जीव अडकला होता आपल्या गावच्या जुन्या वर्कहाउसात, म्हणजे पूर्वी निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा द्यायचे त्या इमारतीत. ते वाचावं म्हणून आमचं इतिहास मंडळ सहा वर्षं भांडलं. अर्ज केले, सह्या गोळा केल्या, आणि शेवटी जागा बिल्डरच्या घशात गेली ती गेलीच.

गुरुवार, चौदा नोव्हेंबर २०१९. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बुलडोझर येणार होते. मुकादम म्हणाला, "आजोबा, काय न्यायचं ते रात्रीतून न्या. सकाळी मी कुणाचं ऐकणार नाही."

विल्फला एकच वस्तू हवी होती, तीन नंबरच्या कोठडीच्या भिंतीतली लोखंडी जाळी. पूर्वी वाटसरू भटक्यांना तिथे रात्रीपुरती जागा आणि पाव मिळायचा. बदल्यात कोठडीत कोंडून दगड फोडायला लावायचे. खडी इतकी बारीक हवी, की जाळीतून बाहेर अंगणात पडली पाहिजे. शेवटचा खडा पडेपर्यंत दाराची कडी निघत नसे.

रात्री साडेदहाला विल्फ एकटाच अंगणात, भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बसला. गंजलेले बोल्ट काढता काढता अकरा वाजले. जाळी हातात आली.

आत कोणीतरी खोकलं.

"कोण रे? ढोसून शिरलास काय आत?"



मग ठक. थोडं थांबून... ठक.

विल्फने भोकातून बॅटरी मारली. कोठडी रिकामी. नुसती धूळ. आणि त्या रिकामपणात, त्याच्या डोळ्यांदेखत... ठक.

त्याची पाचावर धारण बसली.

"जाळी काढलीत, साहेब?" आवाज थकलेला होता. रागावलेला नव्हता. "मग... मी बाहेर कसा येऊ?"

मी असतो तर चपला टाकून पळालो असतो. विल्फलाही पळायचंच होतं. पण नंतर मला म्हणाला, "मॉरिस, सहा वर्षं मी ही जागा राहावी म्हणून भांडलो रे. आत कुणाला तरी इथून नुसतं सुटायचं असेल, हे माझ्या टाळक्यातच शिरलं नाही."

त्याने जाळी परत बसवली.

ठक. ठक. खडी त्याच्या पायाशी पडत होती. आवाज येत होता. उजेड टाकला, तर जमीन कोरडी, रिकामी.

विल्फ बादली पालथी घालून बसला. भीती घालवायला बोलत सुटला. एनिडबद्दल. ती चहात किती साखर घालायची. शेवटी शेवटी त्याला ओळखायची नाही, तेही. मध्येच आतला हातोडा थांबायचा... ऐकत असल्यासारखा. तीन वर्षांत तो एवढा कुणाशी बोलला नव्हता.

पाच वाजून दहा मिनिटांनी एक खडा पडला.

मग काही नाही.

विल्फ वळसा घालून आत गेला. लाथा मारून कडी काढली. दार उघडलं.

"जा बाबा. झालं तुझं काम."

कोणी नव्हतं. गार वारा बाहीला घासून गेला... बस.

पण अशा आणखी दहा कोठड्या होत्या. कुणाला ठाऊक, कशात कोण आहे? एकेक गंजलेली कडी काढता काढता आठ वाजले. बुलडोझर आले, त्याला बाजूला काढलं, आणि जाळीसकट सगळं भुईसपाट झालं.

विल्फ हात हलवत परत आला. मी मंडळाचा चिटणीस. चारचौघांत त्याला शिव्यांची लाखोली वाहिली, "सहा वर्षांत एक वस्तू वाचणार होती, तीही घालवलीस!" त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं; रात्रीची सगळी हकीकत मला नंतर सांगितली. आजही आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शनिवारी सकाळी त्याच्या फाटकाच्या खांबावर खडूची खूण दिसली. एक गोल, त्याच्या मधोमध आडवी रेघ. पूर्वी भटके मागून येणाऱ्यांसाठी अशा खुणा करून ठेवायचे. ही माझ्या आजीने मला लहानपणी दाखवली होती. इथे दार उघडतात, असा त्या खुणेचा अर्थ.

त्यानंतर विल्फने रात्री कधी कडी लावली नाही.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. घर बंद आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या भाच्याने खांब हिरवा रंगवला. काल संध्याकाळी मी तिथून आलो.

हिरव्या रंगावर तीच खूण होती. हात लावून पाहिला... खडू बोटाला लागला.