दोन हिसके

“उद्यापर्यंत तिच्या हातात दोर देऊ नकोस. तिला काही माहीत नाही... ती ओढेल.”

हे सासूबाई माझ्या नवऱ्याला सांगत होत्या, आणि मी ऐकावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. पण त्या घरात तेव्हा गुपितं ठेवायला जागाच नव्हती. स्वयंपाकघर आणि आमची खोली यांच्यामधली भिंत पाडलेली होती आणि तिच्या जागी एक ताडपत्री लोंबत होती. तिच्यातून धूर यायचा, कोंबड्या यायच्या, तसं बोलणंही यायचं. मी पलीकडे खाटेवर बसून उश्यांचे अभ्रे बदलत होते. खरं सांगते, आधी मला हसूच आलं. दोर ओढायचा नाही तर काय करायचं? त्याला गोंजारायचं?

आता माझ्या दोन्ही तळव्यांवर एकेक आडवी रेघ आहे. हात बघून भविष्य सांगणारा कोणी भेटलाच तर बिचारा गोंधळून जाईल. त्या रेघा कुठून आल्या, तेच सांगते आहे.

लग्न होऊन मी तिथे गेले तेव्हा घर अर्धं झालं होतं. अर्धं हे नवऱ्याचं मत, माझ्या मते पाव. सासऱ्यांनी नोकरी संपल्यावर ती जागा घेतली होती. थोडी जमीन, शेळ्या, कोंबड्या, मागे एक विहीर, आणि कित्येक वर्षं कोणी न राहिलेलं घर. एका कोपऱ्याची डागडुजी करावी तर दुसरा कोपरा रुसून खाली यायचा. छपराची गळती थांबली म्हणून आम्ही जरा हुशारलो, तर चौकटींना वाळवी निघाली. एका कोंबडीला सिमेंटच्या उघड्या गोणीशिवाय कुठे अंडं घालायलाच आवडत नसे. गवंडी रोज सकाळी ओळंबा लावायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, “वहिनी, या घरात एक कोपरा काटकोनात नाही.” हे तो इतक्या वेळा म्हणाला की त्याचंच नाव काटकोन पडलं.

मी मुळात कमी बोलते. नव्या घरात तर आणखीच. “सूनबाईंचा आवाज ऐकायचा तर अर्ज करावा लागेल,” असं सासरे म्हणायचे. पण न बोलणाऱ्या माणसाला दिसतं मात्र बरंच.

मला विहीर दिसायची. गोल दगडी कठडा, वर लोखंडी कप्पी, कप्पीवरून आत उतरलेला जाड दोर आणि त्याचं दुसरं टोक खांबाला बांधलेलं. पाणी नव्या बोअरचं यायचं, मोटर लावली की झालं. विहिरीकडे कोणी फिरकत नसे. तरी दोर तिथेच होता, आणि त्याच्या टोकाची बादली आत, खाली.

“ती बादली वर का नाही काढली?” मी एकदा नवऱ्याला विचारलं होतं.

“राहिलीय,” तो म्हणाला. बस, एवढंच.

कधी कधी भर दुपारी, वाऱ्याचा लवलेश नसताना, कप्पी कुरकुरायची. दोनदा. मग थांबायची. आणि त्यानंतर घरातली माणसं जे करायची ते पाहण्यासारखं होतं. सासूबाई घासलेलंच भांडं पुन्हा जोराने घासायला घ्यायच्या. सासरे चष्मा पुसायचे. काटकोन आपला रेडिओ मोठा करायचा. आणि नवरा काहीतरी ठोकत सुटायचा. एकदा तर चांगला पक्का बसलेला खिळा त्याने पार लाकडात गाडला. मी मनाशी म्हणायचे, उन्हाने लोखंड तापतं, फुगतं, वाजतं. शाळेत शिकवलं होतं तसं. फक्त शाळेत ‘दोनदा’ शिकवलेलं आठवत नव्हतं.

त्या ऐकलेल्या वाक्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर येणार होता. पाडलेल्या भिंतींचा राडारोडा अंगणात ढिगाने पडला होता. तो विहिरीत लोटायचा आणि ती बुजवून टाकायची, असं नवऱ्याने ठरवलं होतं. ठरवताना त्याने कोणाकडे पाहिलं नाही, आणि कोणी नको म्हटलं नाही.

सकाळीच वीज गेली. आदल्या दिवशी आमच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा झाला होता. ओल्या गिलाव्याला पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर तडे जातात. मोटर बंद, पिंपात घोटभर पाणी. नवरा, सासरे आणि काटकोन ट्रॅक्टरवाल्याला आणायला रस्त्यापर्यंत गेले होते. सासूबाई शेळ्या घेऊन ओढ्याकडे. ऊन भिंतीवर हळूहळू चढत होतं आणि त्याच्या मागोमाग गिलाव्याचा रंग उडत होता. त्या घरातली माझी म्हणावी अशी ती एकच भिंत. तिला तहानलेली बघवेना.

कालचं वाक्य मला आठवलं. पण दोर देऊ नकोस असं नवऱ्याला सांगितलं होतं. मी घेऊ नये असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

विहिरीजवळ गेल्यावर आधी जाणवला तो गारवा. बाहेर पाय भाजत होते आणि कठड्यातून थंड, शिळी हवा वर येत होती. बंद पेटी बऱ्याच दिवसांनी उघडावी तसा वास. मी खांबावरची गाठ सोडली. ती इतकी जुनी की बोटं दुखली. दोर हातात आला, आणि मी अजून ओढलाही नव्हता, तोच खालून हिसका बसला.

एक. मग दुसरा.

जोराचा नव्हे. लहान मूल मागून कपड्याला धरून ‘ऐक ना’ म्हणतं ना, तसा.

बादली कुठेतरी दगडाला अडकली असेल, असं म्हणून मी ओढायला लागले. भरलेल्या बादलीचं वजन लागलं. कप्पी ओरडत होती. हात भरून आले, श्वास लागला, पण येत होती. चांगली येत होती. अखेर बादली काठाशी आली आणि मी वाकून पाहिलं.

रिकामी. आतून कोरडी ठणठणीत. तळाशी फक्त एक खडा, पांढरा, गोल, आणि ओला.

मी तो उचलला. आणि खालून... कसं सांगू... कोणीतरी हसलं. तोंडावर हात दाबून धरल्यावर जे हसू बोटांच्या फटीतून निसटतं, ते.

मी खाली पाहिलं. काळं पाणी, त्यात आभाळाचा गोल तुकडा आणि त्यात माझं डोकं. दुसरं कोणी नाही. दोर माझ्या हातून सुटला, बादली धाडधाड खाली गेली. पाण्यात पडल्याचा आवाज मात्र आला नाही. जणू कोणी झेलली.

सासूबाई परतल्या तेव्हा मी मागच्या पायरीवर बसून होते.  त्यांना माझी मिटलेली मूठ दिसली. शेळ्या मोकळ्याच सुटल्या आणि सरळ घरात शिरल्या. त्यांना कोणी हाकललं नाही.

“आई, मी... पाणी हवं होतं म्हणून...”

मी मूठ उघडली. त्यांनी खडा घेतला, अंगठ्याने चोळून पाहिला. 

“हसला का?” त्यांनी विचारलं.

कोण, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मान डोलावली.

“हसला...” त्या माझ्याशेजारी बसल्या. “म्हणजे अजून रागावला नाहीये.”

नवऱ्याला एक धाकटा भाऊ होता आणि माझ्या लग्नाआधी तो अपघातात गेला, एवढंच मला ठाऊक होतं. भिंतीवर त्याचा फोटो होता. डोळे असे, की पुढच्या क्षणी फोटोतच काहीतरी खोडी काढेल. बाकी कोणी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

“विहिरीतला गाळ काढत होते दोघं,” सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे नाही, शेळ्यांच्या रिकाम्या कुंपणाकडे बघत बोलत होत्या. “धाकटा खाली, हा वर. दोराला एक हिसका म्हणजे सोड, दोन म्हणजे ओढ. आणि धाकटा कसला वात्रट! दोन हिसके द्यायचा, हा बिचारा घाम गाळत ओढायचा, आणि बादलीत काय, तर एक खडा. खालून ओरडायचा, ‘दादा, झाला का व्यायाम?’ सकाळपासून तेच चाललं होतं. मी चहा घेऊन आले. तेवढ्यात पुन्हा दोन हिसके आले. हा उठायला लागला...”

त्यांनी खडा मुठीत मिटला. 

“मी म्हटलं, बस रे. आधी चहा घे. बसू दे त्याला जरा खाली, खोड मोडेल.” त्यांनी मूठ छातीशी धरली. “आम्ही चहा घेतला. दोर हलत होता. दोनदा... पुन्हा दोनदा. आणि आम्ही हसत होतो गं.”

खाली विषारी हवा साठली होती, हे नंतर आलेल्या माणसांनी सांगितलं. दुसरा दोर, शिडी लावून त्याच संध्याकाळी त्याला बाहेर काढलं. “मी स्वतः तोंड पुसलं त्याचं,” सासूबाई म्हणाल्या. “स्वतः निरोप दिला. तो खाली नाहीये, हे मला कळतं. मला वेड नाही लागलेलं. पण ती बादली कोणी वर काढली नाही, आणि दोर... दोर हलतो.”

“मग तुम्ही ओढत का नाही?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“ओढलं, आणि रिकामीच वर आली तर?” मग आवाज इतका बारीक झाला की मला जवळ सरकावं लागलं. “आणि रिकामी नाही आली तर?”

तेवढ्यात रस्त्याकडून ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली.

माणसं आली, राडारोडा ट्रॉलीत भरला गेला. जुन्या भिंतीच्या विटा, कुजलेल्या चौकटी, फुटकी कौलं. नवरा सगळ्यांच्या दुप्पट वेगाने फावडं मारत होता. त्याची पाठ मी पाहत होते. या माणसाने लग्नापासून माझ्या हातचा चहा एकदाही घेतला नव्हता. ‘सवय नाही’ म्हणायचा. मला वाटायचं, माझाच चहा बेचव होतो. किती दिवस मी आलं घालून पाहिलं, वेलची घालून पाहिली.

ट्रॉली भरली. आमची नवी भिंत एव्हाना पांढरी पडली होती आणि तिला एक बारीक तडा गेला होता, वरपासून खालपर्यंत सरळ. या घरातली पहिली सरळ रेघ, काटकोन म्हणाला. कोणी हसलं नाही.

“आधी चहा घेऊ या सगळे,” सासरे म्हणाले. अपघाताच्या दिवशी ते बाहेरगावी होते. चहाचं त्यांना कोणी सांगितलं नसावं. “काम काय, पळून जातंय थोडंच? टाक गं चहा.”

फावडं नवऱ्याच्या हातात तसंच राहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी चौकट धरली.

आणि कप्पी कुरकुरली.

दोनदा.

सासऱ्यांनी चष्मा काढला. काटकोनने रेडिओकडे हात नेला. नवऱ्याने ट्रॅक्टरवाल्याला मागे घ्यायची खूण केली, घाईघाईने, जणू काही झालंच नाही. ट्रॅक्टर विहिरीकडे सरकू लागला.

पुन्हा दोनदा. खांबापाशी मोकळं पडलेलं दोराचं टोक मातीतून सरपटत कठड्याकडे निघालं होतं. सकाळी मी गाठ सोडली होती, ती बांधायची राहिली होती. सकाळचे हिसके थट्टेचे होते. हे नव्हते. हा फरक कोणी शिकवावा लागत नाही.

मी चालत गेले. धावले असते तर कोणीतरी अडवलं असतं. दोराचं टोक कठड्यावरून आत जाणार एवढ्यात मी ते दोन्ही हातांनी धरलं.

ते वजन बादलीचं नव्हतं. दोर तळव्यातून सरसरत गेला आणि कातडं घेऊन गेला. मी पाय कठड्याला लावले. वीतभर वर आलं, पुन्हा तेवढंच खाली गेलं. तोच वास आता जड होऊन वर येत होता, डोळ्यांतून पाणी काढणारा. खालून कोणी हसत नव्हतं.

“सोड...” नवरा मागून म्हणाला.  “सोड ना गं तो... तिथे कोणी नाहीये.”

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. त्या शांततेत ते सगळ्यांनीच ऐकलं. आत, दगडाला घासत, काहीतरी वर यायचा प्रयत्न करत होतं. थोडं चढत होतं... घसरत होतं... पुन्हा चढत होतं. मी मान वळवली. सासऱ्यांचा चष्मा हातातच होता. सासूबाईंची मूठ अजून मिटलेली होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं. एका खड्यात मावेल त्याहून कितीतरी जास्त पाणी, थेंब थेंब, थांबतच नव्हतं.

त्या घरात आल्यापासून सगळ्यांसमोर मोठ्याने असं मी एकही वाक्य बोलले नव्हते.

“चहा राहू द्या,” मी म्हणाले. “या वेळी बादली रिकामी नाहीये, आणि मला एकटीला ओढवत नाही. दोर धरा.”