वाळायला आठ दिवस

तर झालं असं, की ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोर आली आणि तिच्या हातातल्या खोक्याचं बूडच सुटलं!

फुटपाथभर प्लास्टिकचे बारके बारके राखाडी तुकडे. खोक्यावर चित्र पाणबुडीचं, पण हे तुकडे जोडून पाणबुडी होते असं कोण म्हणेल? ती मटकन खाली बसली, दोन्ही हात पसरून, कोंबडी पिल्लांवर पंख धरते तशी. आणि आपला हा... याला सगळे चिमटा म्हणतात, कारण याच्या हातातला चिमटा सुटतो तो फक्त जेवताना. तर हा दुकानातून धावत बाहेर आला. हातात काय? लोहचुंबक! स्क्रू सांडले की तोच फिरवायची सवय ना. हा आपला गुडघ्यांवर बसून, मन लावून चुंबक फिरवतोय...

"प्लास्टिक आहे हो ते," ती म्हणाली.

यानं वर पाहिलं. तिच्या भुवईला पांढरी पूड लागली होती आणि ती हसू दाबत होती. इतकं दाबत होती की गालाला खळी पडली. चुंबकाला एकही तुकडा चिकटला नाही. चिकटला तो हाच.

तुकडे गोळा करून दोघं दुकानात आले. काउंटरवर याची वहिनी बसलेली. तिनं एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा दिराकडे, आणि स्टूल पुढे सरकवलं.

"ही पूड कसली?" चिमट्यानं विचारलं.

"दातांची. म्हणजे... मी कवळ्या बनवते. पलीकडच्या गल्लीत डेंटल लॅब आहे ना, तिथे."

"आणि पाणबुडी?"

"ती बाबांची." तिचा आवाज जरा हळू झाला. "अठरा वर्षं पाणबुडीवर इंजिन सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर हौसेनं हा संच आणला, आणि हात थरथरायला लागले. तीन तुकडे जोडले. चौथा जोडताना पडला. परत पडला. मग खोकं कपाटावर गेलं. आता ते ताईकडे गेलेत, बाळ बघायला. दोन महिन्यांनी येतील, तेव्हा पूर्ण झालेली त्यांच्यासमोर ठेवायचीय. ठेवायचीच!"

पडताना पेरिस्कोप मोडला होता. चिमट्यानं भिंगाखाली धरून, गमाचा एक थेंब लावून तो जोडला.

"वाळायला किती वेळ?"

आता हा असं का बोलला देव जाणे. जीभच घसरली. "आठ दिवस," म्हणाला.

वहिनीनं खाडकन मान वर केली. याच गमानं जोडलेला फोन हा तासाभरात गिऱ्हाइकाच्या हातात देतो!

"बाई गं, आठ?" ती म्हणाली. "मग पुढच्या गुरुवारी येते. आणि... बाकीचं इथेच जोडलं तर चालेल? तुमच्याकडे कसा छान दिवा आहे, भिंग आहे. आमच्याकडे कुठलं!"

झालं. दर गुरुवारी संध्याकाळी लॅब सुटली की ती हजर. एका दिव्याखाली दोन डोकी. ती पॉलिश पेपरनं कडा घासायची, हा फुंकर मारायचा, आणि पूड नेमकी तिच्याच नाकात.

"मुद्दाम करता ना?"

"छे! वाऱ्याची दिशा..."

"दुकानात? वारा?"

चौथ्या गुरुवारी तर कहरच. हसता हसता पाणबुडीच्या पोटाचे दोन अर्धे भाग चिकटवले, कपड्यांचे चिमटे लावून घट्ट बसवले, आणि बघतात तर मागच्या पंख्याचा दांडा टेबलावरच! तो आधी आत ठेवायचा असतो ना. आता जोड कापून उघडायचा, परत घासायचा, परत चिकटवायचा. एवढं काम वाढलं, पण तोंड कुणाचं उतरलं? कुणाचंच नाही!

मग रंग. "पहिल्या हातानंतर आठ दिवस," चिमटा म्हणाला. "मग दुसरा हात."

"बरं," ती म्हणाली. किती गुणी मुलगी!

पण दिवस काय, संपतातच. सातव्या गुरुवारी पाणबुडी तयार झाली. काळीभोर, अंगठ्याएवढ्या पंख्याची. बाबा रविवारी येणार होते. ती गेल्यावर चिमटा दिवा न विझवता नुसताच बसून राहिला.

"बोल की रे," वहिनी म्हणाली. "का तोंडालाही गम लावलायस?"

"काम संपलं. आता ती कशाला येईल?"

"खरंय. आणि खोटं कळलं तर मुळीच नाही."

रविवारी तिनंच घरी बोलावलं होतं. "पाणबुडी तुम्हीच द्या, मला रडू येईल," म्हणाली होती.

बाबा खोलीत आले ते दारातून वाकून. दार चांगलं उंच होतं, पण अठरा वर्षांची सवय! पाणबुडी हातात घेतली तर ती लाटांवर असल्यासारखी हलायला लागली. तिनं पटकन खालून आपला हात लावला. बाबांनी ती डोळ्यांजवळ नेली. मग मागच्या बाजूला बोट टेकवून म्हणाले, "इथे. इथे असायचो मी."

मग तेच बोट जोडावरून फिरलं.

"हा एकदा उघडलाय."

"दांडा विसरलो होतो, काका."

"सगळे विसरतात! किती दिवस लागले?"

"सात... आठवडे."

"सात? या एवढ्याशा जिवाला? अरे, तेवढ्यात आम्ही खरी पाणबुडी घासून, रंगवून पाण्यात सोडायचो! कुठला रंग लावलास?"

मेलो, चिमट्यानं मनात म्हटलं.

"बाबा, दोन हातांच्या मधे आठ दिवस थांबावं लागतं," ती म्हणाली. शांतपणे. पापणीसुद्धा न हलवता! "नाहीतर रंग सोलतो."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग याच्याकडे. "असेल बुवा. तू दिवसभर त्याच गमात आणि प्लास्टिकमध्ये असतेस. तुला ठाऊक."

आणि तेव्हा, इतक्या दिवसांनी, चिमट्याच्या डोक्यात उजेड पडला. ही दात बनवते!

ती सोडायला जिन्यात आली, तसं यानं तिला गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. वीस मिनिटांत वाळतो तो गम."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत, लॅबमध्ये दिवे किती आहेत ते?"

"...किती?"

"सहा." ती कठड्यावरची नसलेली धूळ पुसायला लागली. "आणि भिंगं दहा."

तो एक पायरी खाली होता, त्यामुळे डोळे अगदी समोरासमोर आले. "मला तुम्ही... म्हणजे तू..."

"तूच बरं वाटतं," ती म्हणाली. "पुढे?"

"फार आवडतेस."

"सात आठवडे लागले तुला एवढं बोलायला!" ती म्हणाली, आणि तिचा हात कठड्यावरून सरकत याच्या हातावर आला, आणि राहिला.

वरून बाबांचा आवाज आला, "अरे, पुढच्या वेळी विमानवाहू जहाजाचा संच आणा! हजार तुकडे असतात म्हणे!"

"ऐकलंस?" ती कुजबुजली. "त्याला किती दिवस लागतील?"

चिमट्यानं ठरवलं, आता खोटं नाही म्हणजे नाही. नीट हिशोब करून म्हणाला, "दोन महिने."

"वेडाच आहेस," ती म्हणाली. "त्यांना दोन वर्षं सांग."