फोनचा दुसरा डोळा

"दुसरा कॅमेरा झाकला गेला आहे. अंतर मोजता येत नाही," फोन म्हणाला.

शाल्मलीने फोन उलटा केला. मागच्या दोन भिंगांपैकी एकावर कणकेचा ठिपका वाळून बसला होता. पण गच्चीत बसलेल्या गार्गीआत्याचा फोटो तर छान आला होता! फक्त आत्यामागचा अजिंक्यतारा किल्ला नेहमीसारखा धूसर झाला नव्हता, एवढंच.

"आत्या, एका कॅमेऱ्यात फोटो येतो. मग दुसरा हवाच कशाला?"

गार्गीआत्या चांद्रगाड्यांचे कॅमेरे बनवायची. सुट्टीला साताऱ्यात आली, तरी असा प्रश्न कानावर पडला की ती सरसावून बसायची.

"अंगठा डोळ्यांसमोर धर. आता एक डोळा मीट, मग—" आत्याने जीभ चावली.

सहा महिन्यांपूर्वी खेळताना शटलकॉक लागून शाल्मलीच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती.

"सांग ना," शाल्मली म्हणाली. "घरात डोळा हा शब्दसुद्धा कुणी काढत नाही. मला ते आवडत नाही."

आत्या तिच्याजवळ सरकली. तिने ठिपका पुसला आणि दोरीवरच्या चिमट्याचे दोन फोटो काढले. एक डाव्या भिंगातून, एक उजव्यातून. मग ते एकावर एक ठेवून दाखवले.

"काय दिसतंय?"

"चिमटे दोन दिसतायत! पण किल्ला एकच आहे."

"कारण दोन भिंगांमध्ये बोटभर अंतर आहे. पाहायची जागा बदलली, की जवळची वस्तू जास्त सरकल्यासारखी दिसते, लांबची अगदी कमी. याला म्हणतात पराशय (जागा बदलल्यामुळे वस्तू सरकल्याचा भास). कोण किती सरकलं, ते फोन मोजतो आणि खोलीचा नकाशा (कुठली वस्तू किती लांब आहे, याचं चित्र) तयार करतो. मग जवळचा माणूस स्पष्ट ठेवतो आणि मागचं सगळं पुसट करतो. आपले दोन डोळे मेंदूला अशीच दोन चित्रं देतात."

शाल्मलीने फोनच्या एका भिंगावर बोट ठेवलं.

"म्हणजे मलाही अंतर मोजता येत नाही. म्हणून मी ग्लासाबाहेर पाणी ओतते. जिन्यात अडखळते."

"हो," आत्या म्हणाली. "जवळचं अंतर तुला पूर्वीसारखं पटकन कळत नाही. पण तो वेंधळेपणा नाही, शालू."

शाल्मलीचे डोळे भरून आले. सहा महिने ती स्वतःला वेंधळीच समजत होती. आत्याने तिला रडू दिलं.

मग आत्या म्हणाली, "चंद्रावरच्या आमच्या एका गाडीचा एक कॅमेरा धुळीने निकामी झाला. आम्हाला वाटलं, संपलं. पण आम्ही तिला नवी सवय लावली. एक फोटो काढायचा, वीतभर बाजूला सरकायचं, दुसरा काढायचा. एकाच कॅमेऱ्याची दोन चित्रं! दोन वर्षं झाली, खड्डे चुकवत मजेत फिरतेय. वेळ थोडा जास्त लागतो, इतकंच."

शाल्मलीने डोळे पुसले आणि मान हळूच डावीकडे नेली, मग उजवीकडे. चिमटा किल्ल्यापुढून टुणकन सरकला. किल्ला मात्र जागचा हलला नाही.

"आत्या! चिमटा पळाला!"

"पळाला ना? तुझा मेंदू हे हिशेब शिकतोच आहे. सरावाने आणखी शिकेल."

तेवढ्यात आई कोकमाचं सरबत घेऊन वर आली. ती नेहमीसारखी शाल्मलीच्या हातात पेला ठेवायला वाकली.

"थांब आई, मी घेते."

शाल्मलीने मान इकडून तिकडे डोलावली, पेला नीट पाहिला आणि हात पुढे केला. बोटं थेट पेल्यावर टेकली. एक थेंबही सांडला नाही. आईला काहीच कळेना. ती आळीपाळीने दोघींकडे पाहत राहिली.

"आत्या," सरबताचा घोट घेत शाल्मली म्हणाली, "पुढची गाडी चंद्रावर पाठवाल ना, तेव्हा तिला मान डोलवायला मी शिकवीन."