बाभळीवरचा कंदील

सांजेची वेळ. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन माणिक शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खाली उतरली, आणि वाटेतल्या गाडीच्या जुवावर आपटणारच... तेवढ्यात अंधारातून आवाज आला.

"अवो बाई, हळू! जू हाय पुढं."

"वाटेत गाडी सोडून कोन बसते?" ती कावली.

"रातंदिस हाकून हाकून जो थकते, तो बसते," आवाज हसला. दमलेला होता, तरी हसला.

दमलेलं कोण नव्हतं त्या साली? सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग काय! माणसं वेचत होती, बैलं ओढत होती आणि झोप अख्ख्या मुलखातून परागंदा झाली होती.

माणिक तरण्या वयातच विधवा होऊन माहेरी आलेली. तिच्या भावानं, किसनरावानं, वाटेकडचा एक पट्टा तिला काढून दिला होता. "यातला कापूस तुया," म्हणाला होता. पट्टा पिकला तर तिची चूल वेगळी. नाहीतर जन्मभर भावजयीच्या हातचं खाणं, टोमण्यांसकट.

दुसऱ्या सांजेला पट्ट्याच्या धुऱ्यावर, बाभळीला कंदील टांगलेला! सूर्यभान, तोच कालचा गाडीवान, कापूस भरून अमरावतीला निघताना तो लावून जाई आणि पहाटे परतताना विझवी.

"हा कोनासाठी जी?" माणिकनं विचारलं.

"वाटसरूसाठी. कोनी पडलं-झडलं तर?"

"नाव सूर्यभान, आन् उजेड कंदिलाचा!"

"गरिबाचा सूर्य एवढाच असते, बाई..."

पाठ मोडून आली होती, तरी घरी जाईस्तोवर तिच्या ओठांवरचं हसू गेलं नाही. मग रोजच तो बाभळीखाली रेंगाळू लागला, आणि तिचंही गाठोडं रोज तिथंच सुटू लागलं.

पण बोंडं किडू लागली. आधी बाभळीखालची, मग भोवतालची. लांबच्या ओळी मात्र पांढऱ्याशुभ्र. उजेडाला भुरकी पाखरं झेपावत. चार जळत, बाकीची पानांवर उतरून अंडी घालत, आणि त्यांच्या अळ्या बोंडं पोखरत. माणिक सकाळी अळ्या वेचे, चिरडे आणि गप्प बसे. कळत होतं, पण वळत नव्हतं. कंदील गेला तर त्याचं थांबायचं निमित्त जाईल... आणि दिवसभरात तेवढंच तर तिचं स्वतःचं होतं!

एक दिवस किसनरावानं किडकी बोंडं पाहिली. "तुयाच्यानं होत नसन तर पट्टा मीच कसतो. तू घरात राय," म्हणाला.

त्या सांजेला सूर्यभान वात लावायला वाकला आणि माणिक म्हणाली, "कंदील काढा."

त्याचा हात थांबला. "काऊन? कोनी बोललं काई?"

तिनं एक बोंड त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते फोडलं. आत अळी वळवळली.

"पाखरं तुमच्या उजेडाले येतात. माया पट्टा खाऊन राहिले."

"तुमाले कवापासून ठाऊक?"

"लय दिवस झाले."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

माणिकनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "बोलले असते... तर तुमी थांबले असते का?"

मग त्यानं कंदील सोडला आणि गाडीत टाकला. "मले वाटे, तुमच्यासाठी काई चांगलं करून राहिलो..."

"केलंच ना! माया वाटेकडं आजवर कोनी पाह्यलं होतं?"

"पन आता थांबू कसा? काय निमित्त सांगू?"

"निमित्त कायले लागते?" तिनं पदराचं टोक सोडून दिलं. "आपल्यात विधवेनं पाट लावला, दुसरं लगन केलं, तर कोनी नावं ठेवत नाई. दादा घरीच हाय... त्यालेच इचारा."

सूर्यभाननं बैलांचा कासरा ओढला. कापसानं भरलेली गाडी सावकाश गावाकडं वळली.

"अन् अमरावती?"

"बाजार उद्या बी भरते."

तिनं गाठोडं त्याच्या गाडीत टाकलं. एक जांभई त्याला आली, मागोमाग तिलाही, आणि दोघं एकदमच हसली. वाट नीट दिसत नव्हती. पण त्या धावपळीच्या साली घाई नसलेली अशी तीच दोघं होती.