चिंधी नसलेली ओळ

द्राक्षाचा मणी तोंडात टाकणार, तोच कुणीतरी माझं मनगट धरलं.

पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून मी दिंडोरीच्या त्या बागेत द्राक्षांची गोडी तपासायला आले होते. मनगट धरणारा बागेचा मालक, शेखर. तोवर आमचं फक्त फोनवर बोलणं झालेलं.

"ही ओळ कालच फवारलीय, मॅडम."

"मग लाल चिंधी कुठंय? तुम्हीच म्हणालात, चिंधी दिसली की हात लावू नका."

"म्हणालो. चिंधी नसली की खुशाल खा, असं कधी म्हणालो?"

चिंधी वाऱ्यानं उडून पलीकडच्या तारेवर फडफडत होती. आणि माझं मनगट अजून त्याच्याच हातात... दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

त्या हंगामात त्या बागेची गोडी मी जरा जास्तच वेळा मोजली. "आज किती गोड?" तो विचारायचा. मी आकडा सांगायचे — त्याच्याकडे न बघता.

शेवटचा माल गेला, त्या दिवशी त्यानं लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, "बाबा नाही म्हणाले तर रविवारी सायखेड्याच्या घाटावर मी येणार नाही." समोर उभं राहून नकार द्यायला मला जमलंच नसतं.

बाबा हो म्हणाले. आणि रविवारी सकाळीच अंगणात पाय घसरून पडले. त्यांना नाशिकच्या दवाखान्यात नेण्याच्या घाईत माझा फोन घरीच राहिला. प्लास्टर होईस्तोवर दुपार कलली. माझा नकार समजून तो घाटावरून केव्हाच परतला असेल... गेलं सगळं.

तेवढ्यात शेखर दारात. हातात माझा फोन. शेजारच्या चतुराबाईंनी दवाखान्याच्या पत्त्यासकट दिलेला.

"मी आले नाही म्हणजे बाबा नाही म्हणाले, असं नाही वाटलं?"

"वाटलं ना. तासभर पायरीवर बसून तेच वाटत होतं. मग ती चिंधी आठवली... म्हटलं, न येण्याला कारणं दहा असतील. घरी जाऊन विचारावं."

माझे डोळे भरून आले. खाटेवरून बाबा म्हणाले, "ह्योच का त्यो? लय उशीर केला, पोरा. बस."

आता त्या बागेत फवारणीनंतर चिंधी मीच बांधते, दोन गाठी मारून. आणि वारा सुटला की त्याला मनातल्या मनात हात जोडते.